पडवीतली सावड

किशोर पष्टेने आपल्या वाटची आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायला पाठवलेले दोन मजूर सकाळी बांधावर पोचले आणि चहा पिऊन परत गेले. हिराकाकीने त्यांना चिखलात उतरू दिलं नाही. "तुमची काय चूक नाय, बाबांनो. चहा घ्या नि जावा," एवढंच ती बोलली आणि रोपांची मूठ उचलून पुन्हा ओळीत वाकली.

किशोरला हे शहापूरच्या सरकारी रुग्णालयात कळलं. तिथे तो पुरुष वॉर्डात नर्स आहे. पेशंट त्याला 'ब्रदर' म्हणतात. एका तापाच्या पेशंटची सलाईन बदलून तो व्हरांड्यात आला आणि बायकोचा फोन घेतला.

"परत पाठवले?" त्याने विचारलं.

"हां," सारिका म्हणाली.

"कामाला कच्चे वाटले का तिला?"

"कामाला लावलेच कुठं? बांधावरनंच परत."

"मग तुला काय बोलली?"

"काय नाय. आज माझ्याशी कोनीच जास्त बोललं नाय. आपलं रोप तयार हाय. आता काय करायचं ते बघा तुमी."

सावरटेंभा हे शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. आवणीच्या दिवसांत तिथे अजून सावड चालते. आज एकाच्या शेतात सगळ्यांनी रोप लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक घराने एक जोडी, म्हणजे दोन माणसं, द्यायची. मजुरी कोणी कोणाला देत नाही. कोणाचं शेत कधी घ्यायचं हे मारुतीच्या देवळात बसून ठरतं आणि ठरलं की सहसा बदलत नाही. पष्ट्यांचं शेत त्याच आठवड्यात यायचं होतं. रोप राबाच्या वाफ्यातच राहिलं तर जून होतं, मग लावलं तरी फुटवा धरत नाही. जुलैत गावाबाहेरून माणूस मिळणं कठीण. किशोरला डोंगरावरच्या वाडीतले दोघे मिळाले होते, तेही ओळखीने. चहा पिऊन परत जाताना ते सारिकाला सांगून गेले होते, आम्हांला पुन्हा बोलवू नका.

किशोरला राग आला नाही. तो गोंधळला. आपण चांगलं केलं, अशी त्याची खात्री होती.

त्याला कारण होतं. नर्सिंगला जाण्याआधी तो वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. चांगली बारा-तेरा वर्षं. कंत्राट संपलं तेव्हा त्याची आई ठाण्याच्या रुग्णालयात होती आणि तो तिच्या खाटेखाली चटई टाकून झोपत होता. त्या वॉर्डात नाशिककडचा एक ब्रदर होता. तो म्हाताऱ्या बायकांनासुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नसे. आईला अंथरुणातच स्वच्छ करताना त्याने किशोरला बाहेर काढलं नाही. "धरा इथे," म्हणाला, आणि चादर माणसाखालून कशी बदलायची ते दाखवलं. आई बरी होऊन घरी आली. किशोरने बारावीचं प्रमाणपत्र शोधून काढलं. प्रवेशाची वयोमर्यादा पस्तीस होती आणि त्याला चौतिसावं लागलं होतं. वर्गात बहुतेक सगळ्या मुलीच. त्या त्याला 'काका' म्हणायच्या आणि परीक्षेच्या आधी त्याच्याकडूनच आकृत्या काढून घ्यायच्या.

तीन वर्षं शिक्षण, मग एक वर्ष कल्याणला खासगी दवाखान्यात. या चार वर्षांत घराकडून सावडीला सारिका एकटी उतरली. जोडीतला दुसरा हात कधी गेलाच नाही. तरी दर आवणीला संध्याकाळी तिचा फोन यायचा, "आज आपलं झालं." पुढे शहापूरची नोकरी लागली, तो गावात राहायला आला आणि त्याने ठरवलं की यंदा आपल्या घराची जोडी पुरी द्यायची. पण आवणीच्या पहिल्याच आठवड्यात त्याची सकाळची ड्युटी होती. देवळातल्या बैठकीत तो मागे उभा होता, उशीर होत होता. "माझ्या एका हाताच्या जागी मी दोन मानसं पाठवतो," एवढं सांगून तो निघून गेला होता.

त्या संध्याकाळी ड्युटीवरून परतल्यावर तो थेट हिराकाकीच्या घरी गेला. हिराबाई म्हणजे सावडीत ओळीच्या टोकाला चालणारी. तिच्या हाताच्या वेगाने बाकीच्या बायका चालतात. तिने त्याला बसायला पाट दिला.

"काकी, मजूर परत पाठवलेस."

"पाठवले."

"चांगले होते कामाला."

"असतील. उद्या मी मेले तर खांदा द्यायला पन मजूरच पाठवशील का रे?"

किशोरने पाट जरा मागे सरकवला.

"चार वर्सं तुझ्या घरचा एकच हात होता. तुला कोन बोललं? सावडीतली बारकी बोलली? मी बोलले?"

"नाय बोललं कोनी. म्हनूनच तर..."

"म्हनूनच काय? पगार झाला तवा गावाचं फेडून मोकळा व्हायला निघालास? आमी काय दुकान मांडलंय?"

"मंग मी काय करू, काकी? खरंच सुट्टी नाय. वॉर्डात सगळ्या खाटा भरल्यात. तापाचे हायत, साप चावलेले हायत."

"तुला आवणीला बोलवलाय कोनी?" हिराकाकीचा आवाज चढला. "तू लावलेली वळ मी बघितलीय. बैल मुतत गेल्यावानी! तुला चिखलात घेऊन मी काय करू?"

पडवीच्या कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. हसणं खोकल्यात गेलं.

तिथे खाटेवर लडकूकाका होते, हिराबाईचे नवरे. गेल्या थंडीत त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली होती, पण टोचायला पुरेशी होती. "कोन, नर्सबाई आली का?" त्यांनी विचारलं.

"तुमी गप रावा," हिराकाकी म्हणाली आणि किशोरकडे वळली. "हे बघतोस ना? आमचा पोरगा सुनिल सगळ्या सावडीचा टिलर चालवतो, तो दिवसभर चिखलात. कुनाली करायला तयार हाय, पन सुनेला हे चादर पन उचलू देत नायत. बोलतात, सुनेनं धुवायच्या आधी मला तानशाच्या धरनात टाका. मग रायले मी. मला एकटीला हे वळत नायत, जड हायत. पाठीला झालंय कायतरी. दोन वळी लावल्या की घरी पळायचं, परत जायचं, परत पळायचं. मी गेले की वळ मोडते, बाया बसून रातात. देवळात मी तेच सांगनार होते तुला. तू ऐकायला थांबलास कुठं?"

किशोरने कोपऱ्याकडे पाहिलं. आल्यापासून त्याला तो वास येत होता. वॉर्डात तो रोज ओळखायचा, इथे ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

"सोमवारपासून माझी दुपारची ड्युटी हाय," तो म्हणाला. "सकाळी मी मोकळा."

"झालं तर मंग. सकाळी हे तुझ्याकडं नि मी शेतात. ती तुझ्या घरची सावड."

"नाय जमायचं," लडकूकाका म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. लडकूकाकांच्या 'नाय'ला गावात वजन होतं. सावडीचा क्रम देवळात बसून तेच लावायचे, यंदा खाटेवरून त्यांचा निरोप जायचा. कोणाचं शेत आधी, कोणाची जोडी कमी पडली, कोणाला माफ करायचं, यावर ते बोलले की वाद संपायचा.

"सावड मंजे चिखलातला हात," ते म्हणाले. "पडवीत बसून सावड व्हते का? उद्या कोन बोलंल, मी देवळात टाळ वाजवतो, माझी पन धरा."

"तुमाला धुवायचं मंजे टाळ वाजवनं हाय का?" हिराकाकी म्हणाली.

"मला कोनाचं फुकट नको. किशोर, तू घरी जा बाबा."

किशोर घरी गेला. सारिकाला त्याच्या तोंडावरूनच कळलं. पुढचे दिवस सावड चालत राहिली. सारिका रोज जायची, बायका तिला ओळीत जागा द्यायच्या, पण पष्ट्यांचं शेत कधी, हे कोणी काढेना. विचारणार कोणाला? क्रम लावणाऱ्याने नाही म्हटलं होतं. राबातलं रोप गुडघ्याला आलं आणि त्याची टोकं पिवळी पडायला लागली.

सोमवारी सकाळी किशोर पिशवीत ड्रेसिंगचं सामान घेऊन लडकूकाकांच्या पडवीत गेला. हे सामान त्याने बाजारातून स्वतः आणलं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"कशाला आलास?" लडकूकाका म्हणाले. "सावड नाय बोललो ना मी?"

"सावडीला नाय आलो. जखम बघायला आलो. वास येतोय."

म्हाताऱ्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "कुनाली हाय का घरात?"

"शेतात गेली. काकी पन गेली. आपन दोघंच."

"दार लोटून घे."

किशोरने दार लोटलं. चुलीवर पाणी ठेवलं, हात धुतले, खाटेजवळ बसला. "काका, हात लावतो तुमाला. दुखलं तर बोला." लडकूकाकांनी भिंतीकडे तोंड केलं. ते त्याने होकार धरलं.

त्याने एक टॉवेल कमरेवर ठेवला आणि मगच धोतर सोडलं. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा केला, पुसला, कोरडा केला, झाकला. मग काकांचा गुडघा दुमडून, खांद्याला हात देऊन त्यांना एका दमात कुशीवर घेतलं. हिराकाकीला जे जमत नव्हतं ते एवढंच होतं. माकडहाडावर जखम होती, पण हाडापर्यंत गेलेली नव्हती. वेळेत सापडली होती. त्याला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्याने "बरं झालं" म्हणाला.

"काय बरं झालं?"

"भरून येईल ही. कूस बदलत रायलं तर येईल."

तो जखम धुवायला लागला. लडकूकाका भिंतीशीच बोलावं तसं बोलले. "वॉर्डात सगळ्यांचं असंच करतोस?"

"ज्याला लागतं त्याचं."

"लाज नाय वाटत?"

"पयल्या टायमाला वाटली. पन त्या मानसाला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती. ते बघितलं नि माझी गेली."

"वाशिंदला खोके बांधायचास ते काय वाईट होतं?"

"वाईट नवतं. खोका उलटा ठेवला तरी शिव्या देत नाय."

लडकूकाकांचं अंग हसण्याने हललं. "हलू नका," किशोर म्हणाला, "पट्टी लावतोय."

त्याने त्यांना डाव्या कुशीवर नीट टेकवलं, पाठीमागे गोधडीची वळकटी दिली, पिंढऱ्यांखाली उशी सरकवली. टाचा अधांतरी राहिल्या. सगळं आटोपून तो सामान भरायला लागला तेव्हा म्हाताऱ्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि सोडून दिला. हात खाटेवर पडला.

"बघितलास?" ते म्हणाले. "सावडीत घेतलं की द्यायला लागतं. मी काय देनार? म्हनून नको बोललो मी. तुला वाटलं आसंल, म्हातारा अजून तुझ्या नर्सबाई व्हन्यावरच अडून बसलाय."

किशोरला तसंच वाटलं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली.

"काका, चार वर्सं माझं रोप कोनी लावलं?"

"सगळ्यांनी."

"तुमी होतात?"

"होतो तर. तवा हात होता मला."

"मी तवा कुठं होतो?"

"शिकायला."

"काय शिकत होतो?"

किशोरने पाठीमागची वळकटी थोडी सारखी केली.

"हेच शिकत होतो," तो म्हणाला. "तुमी चिखलात होतात म्हनून मी वर्गात बसू शकलो. सारिका एकटी काय करनार होती? तुमी दिलं ते आधीच दिलंय. माझं द्यायचं रायलंय."

बाहेर टिलरचा आवाज येत होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. लडकूकाका विचार करत होते, आणि विचार करताना ते नेहमीसारखे ओठ चावत होते.

"सावडीचं त्याच सालात फिटायला लागतं," ते म्हणाले. "पुढच्या सालावर नेत नाय आपन."

"मला म्हाईत हाय."

"चार सालांपूर्वीचं तर कोनीच नेलं नाय."

"नाय नेलं."

"मंग?"

"तुमी सांगा. क्रम तुमी लावता."

मग लडकूकाका म्हणाले, "तुझं रोप केवढं झालंय?"

"गुडघ्याला आलंय. टोकं पिवळी पडल्यात."

"गाढवा, मंग आधी नाय बोलायचं?"

संध्याकाळी त्यांनी हिराकाकीला खाटेजवळ बोलावून दुसऱ्या दिवशीचं शेत सांगितलं. बारकीचं ठरलेलं होतं ते एक दिवस पुढे ढकललं. बारकीला निरोप गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका बोलला ना? मंग माझं रोप थांबंल. माझं काय घोड्यावर बसलंय?"

मंगळवारी सकाळी सगळी सावड पष्ट्यांच्या शेतात उतरली. शेताचा मालक मात्र शेतात नव्हता. तो लडकूकाकांच्या पडवीत होता. पडवीतून त्याचं शेत दिसत नाही, मध्ये सावरीची झाडं आहेत, पण बायकांचे आवाज येत होते. कुणालीने काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. हिराकाकीचा आवाज एकदाही घराकडे आला नाही. किशोरने ड्रेसिंग केलं, दाढी करून दिली, कूस बदलली. लडकूकाका कान देऊन पडले होते.

"वरचं खाचर झालं," मध्येच ते म्हणाले.

"कसं कळलं?"

"आवाज खाली सरकला."

ज्याचं शेत त्याच्या घरून सावडीला जेवण जातं. उन्हं डोक्यावर यायच्या आधी सारिका बांधावर टोपली उतरवून पडवीत आली. तिच्या हातात दोन ताटं होती. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. एक तिने किशोरसमोर ठेवलं, दुसरं लडकूकाकांच्या खाटेवर.

"मला कशाला गो?" म्हातारा म्हणाला. "मला घरचं हाय. हे कामाच्या मानसांचं."

"काकीनं सांगितलंय," सारिका म्हणाली. "बोलली, शेतातली मानसं मोज नि पडवीतली दोन पन मोज."

लडकूकाकांनी ताटाकडे पाहिलं. किशोरने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि घास करायला हात पुढे केला.

"सोड," ते म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी भाकरी मोडली. निम्मी सुकट धोतरावर सांडली. किशोरने ती पुसली नाही, आपल्या ताटाकडे पाहत जेवत राहिला. सारिका दाराशी उभी होती. तिचे डोळे भरून आले, तिने पदराने नाक पुसलं आणि पाणी आणायला म्हणून आत गेली.

सगळी भाकरी संपवून लडकूकाका म्हणाले, "सुकट चांगली झालीय. तिखट हाय, पन चांगली झालीय."

ड्युटीची वेळ झाली होती. हिराकाकी हातपाय धुऊन आली, तिने खाटेजवळची जागा घेतली आणि किशोर निघाला. वाटेत बांधावर त्याने गाडी थांबवली. शेत लागून झालं होतं. वरच्या खाचरापासून ओढ्यापर्यंत रोप उभं होतं, टोकाला जरा पिवळं, पण उभं. बायका शेवटच्या बांधावर बसून भाकरी खात होत्या. अंगावरचं प्लॅस्टिक काढून ठेवलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

किशोर उभा राहिला. चार वर्षं फोनवर ऐकलेलं 'आज आपलं झालं' हे दिसायला असं असतं, हे तो पहिल्यांदा पाहत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण सावडीत आभार मानायची रीत नाही. मानले असते तर बायकांनी त्याला दिवसभर चिडवलं असतं.

"काय ब्रदर," बारकी ओरडली, "तपासायला आलास काय आमाला? नाडी बघतोस?"

"तुझी सापडायची नाय, मावशे," कुणाली म्हणाली. "जिभंतच हाय सगळी."

हसणं ओसरेपर्यंत किशोर थांबला. मग त्याने विचारलं, "उद्या कोनाचं?"

"माझं," बारकी म्हणाली. "काकाकडं उजाडायला ये. हिरी लवकर सुटली पायजे."

"येतो," किशोर म्हणाला आणि शहापूरच्या रस्त्याला लागला.